साप घरीं आणतांना

श्रावणांतली उघडीप. हरिहरेश्वरीं रात्रभर कोसळून थांबलेल्या पावसाचें पाणी पोफळींच्या बुंध्यांशीं सांचलेलें आहे, खालीं समुद्राची गाज चालूंच आहे, आणि वाडींतून बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा दोन्ही हातांत पत्र्याचा डबा धरून मोठ्या जपणुकीनें घराकडे येत आहे. डब्याच्या झांकणाला खिळ्यानें भोंकें पाडलेलीं आहेत. असा मुलगा पडवीची पायरी चढूं लागला कीं आईच्या मनांत पाल चुकचुकल्यावांचून राहत नाहीं. "काय आणलंयस रे त्यांत?" या प्रश्नाचें पहिलें उत्तर ठरलेलें असतें: "कांहीं नाहीं." दुसऱ्यांदा विचारलें म्हणजे खरें बाहेर पडतें. "धामणीचं पिल्लूं आहे. मी पाळणार आहे."

पुढें काय होतें, तें श्रोत्यांना सांगावयास नकोच. आई ओरडते, आजी देवाचें नांव घेते आणि शेजारचा माणूस काठी घेऊन धांवतो. या सर्व मंडळींत सापाची बाजू घेणारा असा एकटा तो मुलगाच असतो, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्या प्राण्याला पाहतांच मोठीं माणसें काठी शोधूं लागतात, त्याला त्यानें ओंजळींत घेतलें आहे. त्याचें हें कुतूहल झोडपून काढण्याजोगें खास नव्हे. पण घरांत एखादे शहाणे आजोबा असले, तर ते त्याला शांतपणें विचारतील, "बाळ, ही धामणच कशावरून?"

प्रश्न साधा दिसतो, पण याच प्रश्नावर प्राण जातात आणि वांचतात. धामण बिनविषारी खरी. तिच्या शेपटींत विष असतें हा समज निव्वळ कल्पनेचा, आणि ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते हाही तसाच. परंतु धामणीला नाग समजून मारणारीं माणसें आहेत, तशीं नागाला धामण समजून हात घालणारींही आहेत. आणि नागाचें पिल्लूं अंड्यांतून बाहेर पडतें तेंच विष घेऊन. याहून फसवी जोडी कवड्या आणि मण्यार यांची. दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून स्पष्ट असतात व शेपटीकडे पुसट होत जातात. मण्याराचे मानेशीं पुसट किंवा नाहींसे आणि शेपटीकडे ठळक. शिवाय मण्याराच्या पाठीच्या मधोमध षट्कोनी, मोठ्या खवल्यांची एक ओळ असते. कागदावर हें सोपें वाटतें. कंदिलाच्या उजेडांत वळवळणाऱ्या हातभर प्राण्यावर तें पडताळणें निराळें. मण्यार रात्रीं हिंडतो, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो, आणि त्याचा दंश पुष्कळदां दुखतसुद्धां नाहीं. पहांटे पोटांत कळ येऊन पापण्या जड होईपर्यंत घरच्यांना कांहीं कळतही नाहीं. तीच गत डुरक्या घोणशीची आणि खऱ्या घोणशीची. कोंकणांतल्या जांभ्या दगडांच्या आडोशाला राहणारें फुरसें तर लहानखुरें दिसतें म्हणूनच घातक. अंगाची वेटोळीं एकमेकांवर घांसून खरखर आवाज करणारा हा प्राणी मुलांना खेळण्यासारखा वाटला तर नवल नाहीं.

समजा, पिल्लूं खरोखर धामणीचेंच निघालें. मग त्याला खायला काय घालणार? "दूध" हें उत्तर मराठी घरांत पिढ्यानपिढ्या तयार आहे. साप दूध पचवूं शकत नाहीं. गारुड्याचा नाग तें पितो तो तहानेनें. त्याला अगोदर कित्येक दिवस पाण्यावांचून ठेवलेलें असतें. धामणीच्या पिल्लाला बेडूक पाहिजे, पुढें उंदीर पाहिजे, आणि तोही पुष्कळदां हलणारा. वाडींत तो तिला फुकट मिळतो व त्यांत माणसाचाही लाभ असतो. डब्यांत तो आईनें कोठून आणावयाचा? चार दिवस न खाल्लेलें पिल्लूं "सवय होईल" म्हणून ठेवून घेणें याला पाळणें म्हणत नाहींत.

साप घरीं आणण्याची हौस महाराष्ट्रांत एकट्या मुलांचीच आहे असें नाहीं. सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळा येथें सारें गांवच्या गांव ती करीत असे. नागपंचमीच्या आधीं तेथील मंडळी शेतांतून नाग शोधून आणीत, ते मडक्यांत ठेवीत, सणाच्या दिवशीं अंबामातेच्या मंदिराशीं नेऊन त्यांची मिरवणूक काढीत आणि नंतर जेथले तेथें सोडून देत. पकडणाऱ्यांचें कसब वादातीत होतें, आणि त्यांची श्रद्धा खोटी होती असें म्हणण्याचें कोणास कारण नाहीं. पण गर्दी, वाद्यांचा कल्लोळ आणि दिवसेंदिवस मडक्यांत गुदमरणें हें नागानें मागितलेलें नव्हतें. अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या आदेशापासून या प्रथेला पायबंद बसला. २०२५ सालीं केंद्र सरकारनें शैक्षणिक हेतूनें एकवीस नाग पकडण्यास अटी घालून परवानगी दिली. पूजा आणि मिरवणूक त्यांत बसत नव्हती. मौज अशी कीं, शिराळ्याच्या आख्यायिकेप्रमाणें तेथील गृहिणी प्रथम मातीच्याच नागाची पूजा करीत होती. गोरक्षनाथांनीं तो जिवंत करून दाखविला आणि मग जिवंत नागाची चाल पडली. बंदीनंतर घरोघर पुन्हां मातीचाच नाग पाटावर आला.

हें सारें ऐकून मुलगा म्हणेल, "मी मिरवणूक कोठें काढतों आहें?" त्याचें म्हणणें तर्काला धरून आहे, कायद्याला धरून मात्र नाहीं. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दृष्टीनें जिवंत प्राणी पकडणें हीसुद्धां शिकारच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि आपली ही धामण पहिल्या अनुसूचींत आलेलीं आहेत, आणि त्या अनुसूचींतील प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद सांगितलेली आहे. मुंबईस दुकानांतून किंवा कोणाच्या ओळखीनें मिळणारा परदेशी अजगर, ज्याला बॉल पायथन म्हणतात, त्याचीही आतां सरकारदरबारीं नोंद करावी लागते; त्याविषयींचे नियम २०२४ सालीं निघाले. हा मूळचा पश्चिम आफ्रिकेचा रहिवासी नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षें जगतो. म्हणजे शाळकरी मुलानें आणलेला अजगर त्याच्या लग्नांत असणार, आणि बहुधा त्याच्या मुलाच्या मुंजींतही! आणण्याच्या दिवशीं हा हिशेब कोणी करीत नाहीं.

मग सापांची आवड असलेल्या मुलानें करावें तरी काय? पुण्याचे नीलिमकुमार खैरे यांनीं १९८० सालीं ७२ विषारी सापांसमवेत कांचेच्या खोलींत ७२ तास काढले, तेव्हां तो चमत्कार पाहण्यास लोकांची रीघ लागली होती. पण त्यांचें खरें काम त्याच्या पुढचें. कात्रजला १९८६ सालीं सर्पोद्यान उभें राहिलें आणि असंख्य मुलांनीं साप प्रथमच भीतीशिवाय, कांचेपलीकडून, नांवानिशीं पाहिला. परळच्या हाफकिन संस्थेंत सापाच्या विषावर काम झालें. घोड्याला विषाचे सोसतील असे डोस देऊन त्याच्या रक्तांतून प्रतिविष तयार करतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर एकच लस चालते ती त्याच वाटेनें आलेली. हरिहरेश्वरापाशीं समुद्राला मिळणाऱ्या सावित्रीच्याच कांठीं वर महाड आहे. तेथें डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं विंचवाच्या आणि सापाच्या दंशावर आयुष्य वेंचलें. इतकें असूनही २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें दरवर्षीं सुमारें ५८,००० माणसें दगावलीं असा अंदाज आहे. मांत्रिकाकडे गेलेला वेळ, चिरलेली जखम, करकचून बांधलेली दोरी यांनीं त्यांत भर घातलेली आहे. चावलेला अवयव हालूं न देतां थेट रुग्णालय गांठावें, एवढें ज्या मुलाला पाठ आहे त्याचा गांवाला उपयोग होतो.

आजोबांपाशीं आणखी एक दाखला आहे, आणि तो मुलाच्या डोळ्यांपुढचा आहे. याच किनाऱ्यावर कासवें अंडीं घालून जातात. पलीकडे, खाडी ओलांडली कीं वेळासला, २००२ सालापासून त्यांची राखण चालली आहे. माणसें अंड्यांभोंवतीं जाळी लावतात, दिवस मोजतात, पिल्लें निघालीं कीं वाळूवर सोडतात आणि तीं लाटेंत शिरेपर्यंत उभीं राहतात. परसांतल्या हौदांत ठेवण्यासाठीं एखादें घरीं नेण्याचें त्यांच्या मनांतही येत नाहीं.

मुलगा कांहीं बोलत नाहीं. डोळ्यांत पाणी आलेलें तो दिसूं देत नाहीं. संध्याकाळीं तो डबा घेऊन वाडींत जातो, आजोबा काठी टेंकीत मागें. जेथें सांपडलें त्याच गडग्याशीं डबा आडवा करून तो चार पावलें मागें सरतो. बराच वेळ कांहींच होत नाहीं. मग एक बारीक डोकें बाहेर येतें, जीभ दोनदां लवलवते, आणि पाहतां पाहतां तें पिल्लूं दगडांच्या फटींत शिरून नाहींसें होतें.

"उद्यां दिसेल का?"

"उद्यां नाहीं. पण उंदीर कमी झाले म्हणजे समज, आहे म्हणून."

रिकामा डबा घेऊन दोघे परत येतात तेव्हां आजी ओटीवर उभीच असते. तिला साप गेला का हें विचारावयाचें नसतें. डबा लाडवांचा होता, आणि तो राखेनें तीनदां घांसल्याशिवाय स्वयंपाकघरांत यावयाचा नाहीं, एवढेंच तिला सांगावयाचें असतें.