बाष्पीभवन पात्रापाशी

राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचं. तिथल्या डॉ. अण्णासाहेब शिंदे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात सिंचन आणि मृद्-जलसंधारण या विषयांत पीएच.डी. करता येते. पण प्रवेश मिळाला, कोर्सवर्क संपलं, की लगेच प्रबंधाला लागायचं असं अशा अभ्यासक्रमांत नसतं. मध्ये लेखी आणि तोंडी परीक्षा असते. कुणी तिला प्रिलिम म्हणतं, कुणी कॉम्प्रिहेन्सिव्ह, आयआयटीकडची मुलं क्वालिफायर. घरी आई विचारते, "एवढं शिकलास, अजून परीक्षाच का रे?" त्या माउलीला नीट उत्तर मिळावं म्हणून आज बोलतो आहे.

अशाच एका तोंडी परीक्षेला मी बाहेरचा परीक्षक होतो. कुठल्या संस्थेत, ते सांगत नाही. समोरची मुलगी ठिबक सिंचनावर काम करत होती. गवतातून किती पाणी उडतं ते सांगणारं पेनमन-माँटीथचं समीकरण तिनं फळ्यावर न अडखळता लिहिलं. संदर्भ गवताची उंची १२ सेंटिमीटर, परावर्तन ०.२३, सगळं बिनचूक. मग आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, "बाष्पीभवन पात्रातलं पाणी १० मिलिमीटर उतरलं, तर गवतासाठी आपण ७ च्या आसपास का धरतो?"

"सर, पात्रगुणांक ०.७ असतो."

"तो का असतो?"

मुलगी गप्प झाली. रोज सकाळी साडेआठला त्याच पात्राचं रीडिंग ती दोन वर्षं घेत होती.

हे पाठांतराचं फळ आहे, आणि दोष एकट्या तिचा नाही. बारावीपासून आपण मुलांना 'किती' विचारतो, 'का' विचारत नाही. ही परीक्षा मात्र 'का' विचारण्यासाठीच असते. पुढं तीन-चार वर्षं ज्या सूत्रांच्या भरवशावर संशोधन करायचं, ती कुठवर खरी आहेत हे उमेदवाराला कळायला नको का?

म्हणून मी मुलांना सांगतो, तीन महिने हाताशी असतील तर पहिला महिना नवे पेपर वाचू नका. बी.टेक.ची जुनी पुस्तकं काढा. रोज एक सूत्र घ्या आणि ते कुठं लागू पडत नाही ते शोधा. पाणी जमिनीतून कसं झिरपतं ते सांगणारा डार्सीचा नियम घ्या. १८५६ साली दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या अहवालात त्यानं वाळूच्या नळकांड्यातले प्रयोग छापले. वाळू एकसारखी, पाणी संथ. आता आपल्याकडच्या एखाद्या विहिरीत डोकावा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. शेतकरी सांगेल, "झरा पूर्वेच्या अंगाला आहे." म्हणजे पाणी कातळाच्या एका फटीतून येतंय, बाकीची बाजू कोरडी! इथं वाळूचा नियम जसाच्या तसा लावला तर गणित फसतं. हे ज्यानं काठावर उभं राहून पाहिलं, त्याला कमिटीपुढं घाम फुटत नाही.

दुसरं, मोठ्यानं बोला. होस्टेलच्या खोलीत दोन सीनियर समोर बसवा आणि आधी मराठीत समजावून सांगा. उत्तर इंग्रजीत द्यायचं असलं तरी समज मराठीत तपासता येते. एखादं उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, पण असं शोधेन" म्हणा. ते उत्तर परीक्षकाला आवडतं. आणि गाईड मंडळींना हात जोडून विनंती, तारखा लांबवू नका. इकडे फेलोशिपचे महिने संपत असतात.

त्या मुलीला पुन्हा संधी मिळाली. मधल्या काळात एका दुपारी ती पात्रापाशी गेली. लाकडी चौकटीवरचं सव्वाशे सेंटिमीटरच्या आतबाहेर रुंदीचं ते पत्र्याचं भांडं. पाणी काठापासून पाचेक सेंटिमीटर खाली. तिनं उघड्या काठाला बोट लावलं आणि चटका बसला. संध्याकाळी पुन्हा जाऊन पाण्यात हात घातला, तर ते अजून कोमट होतं. गवताची पानं रात्री आपली रंध्रं मिटून घेतात, हे पाणी मात्र दिवसाची ऊब बाळगून उडतच राहतं. दुसऱ्या वेळी तिनं कमिटीला आधी त्या चटक्याबद्दल सांगितलं, समीकरण नंतर लिहिलं.