गवताच्या आतली बुरशी आणि चाकूरचे संजीवनी बेट : स्वागताध्यक्षीय भाषण

फेस्क्यू, रायग्रास यांसारख्या थंड हवेतल्या गवतांत पेशींच्या मधल्या फटींतून एपिक्लोई बुरशीचे तंतू वाढतात. गवत सहसा आजारी पडत नाही. बुरशीला अन्न मिळते आणि तिच्या अल्कलॉइडांमुळे अनेक किडी गवतापासून दूर राहतात. बारीक पानांच्या फेस्क्यूवर डॉलर स्पॉट हा ठिपक्यांचा रोगही तिच्यामुळे कमी पडतो. पुढच्या पिढीत ती बहुधा बियाण्यातून जाते. गव्हाच्या एका रानटी नातलगातले, ओंबीवरील फ्युजेरियम बुरशीचे विष निकामी करणारे जनुक मुळात एपिक्लोईकडून आले असावे, असे 2020 साली चिनी शास्त्रज्ञांनी दाखवले.

ज्वारीही गवतच. मराठवाड्यात दाणे भरताना पाण्याचा ताण पडला, की रब्बी ज्वारी खडखड्या या बुरशीजन्य रोगाने लोळते. बुडाशी ताट चिरले, तर आतल्या धाग्यांना कोळशाच्या भुकटीसारखे बारीक काळे कण चिकटलेले दिसतात. गवत आणि त्यातली बुरशी हा विषय चाकूरला परका नाही तो असा.

चाकूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. 1982 साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि चाकूर त्यात आले. दहाव्या लोकसभेचे अध्यक्ष शिवराज पाटील देशभर ‘चाकूरकर’ म्हणून ओळखले गेले. सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्रही येथे आहे. तरी तालुक्याचे खरे वैभव म्हणजे वडवळ नागनाथचे संजीवनी बेट. हनुमंत द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचा तुकडा येथे पडला, असे जुने लोक सांगतात. पावसाळ्यात, विशेषतः उत्तरा नक्षत्रात, दूरदूरची माणसे औषधी पाल्यासाठी बेटावर येतात. असे वनस्पतिधन फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आले आहे. पाला खुडणाऱ्यांच्या पायाखालच्या गवताकडे मात्र कोणी वाकून पाहत नाही. अभ्यासकांनी एकदा तेही पाहावे, ही चाकूरकरांची मनापासूनची विनंती आहे.

लातूर रोड जंक्शनवर उतरून या संमेलनासाठी आलेल्या सर्व प्रतिनिधींचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. गाव लहान आहे. काहींची सोय मंगल कार्यालयात, काहींची घरोघरी करावी लागली. अंघोळीचे गरम पाणी वेळेवर न मिळाल्यास, जेवणाची पंगत लांबल्यास किंवा वीज गेल्यास पाहुण्यांनी ते पोटात घालावे. मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी धान्य दिले, शेतकऱ्यांनी दूध आणि भाजी पोहोचवली, मंडपवाल्यांनी भाडे घेतले नाही, शिक्षकांनी नोंदणी सांभाळली आणि गावातल्या बायकांनी पहाटेपासून भाकरी थापल्या. ज्यांनी नाव न सांगता देणगी दिली त्यांच्यासह या सर्वांची स्वागत समिती ऋणी आहे.