कोपीच्या दारात



महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गाव म्हणून राहुरी सगळ्यांना ठाऊक आहे. मुळा धरणाच्या पाण्यानं इथला ऊस वाढवला. मला समुपदेशनाचं काम शिकवलं ते त्या उसाच्या कडेला पडणाऱ्या कोप्यांनी, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांनी.

दिवाळी सरली की बीड, पाथर्डीकडच्या ऊसतोड्यांच्या टोळ्या या भागात उतरतात. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको जोडीनं राबतात. त्या जोडीला म्हणतात एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. ज्या हिशेबात आईच अर्धी धरली जाते, त्यात तिच्या लेकराची मोजदाद कोण करणार?

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे शाळेतून दहा वर्षांची एक मुलगी पाठवली गेली. ‘वर्गात झोपते, बोलत नाही, मंद आहे,’ असा शेरा सोबत होता. तीन भेटींत मी प्रश्न विचारले, चाचण्या घेतल्या. ती गप्पच. चौथ्या वेळी मी तिच्या कोपीवर गेले. आईनं बसायला पोतं अंथरलं. आई-बाप पहाटे तीनला उसाच्या फडात जात. मागे चूल, पाणी आणि तान्हा भाऊ हिच्या गळ्यात. भावाला मांडीवर घेऊन ती तासभर बोलली: बैलांबद्दल, गावाकडच्या आजीबद्दल, अंधारात वाटणाऱ्या भीतीबद्दल. तिच्या बोलीला वर्गात हसत, म्हणून तिथं तिनं तोंड मिटलं होतं. माझ्या कागदांवर यातली एकही ओळ नव्हती.

दुसरी गोष्ट पारधी मुलांची. १८७१पासूनच्या कायद्यांनी पारध्यांसारख्या जमातींच्या कपाळी मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कायद्यानं पुसला. तरी वर्गात पेन हरवलं की आधी पारध्याच्या पोराचं दप्तर उघडलं जातं. चिडलेल्या त्या पोराला राग आवरायला शिकवण्याआधी दप्तर उघडणारा हात थांबवला पाहिजे. तेही समुपदेशकाचंच काम आहे.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचार हा प्रत्येकाचा हक्क मानला. २०२२पासून टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. पण कोपीतला एकुलता फोन बापाच्या खिशात, फडात असतो. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे. वस्तीवरच्या शाळेचा पट शंभरावर जात नाही. तिथले ‘बाहेरचे तज्ज्ञ’ म्हणजे आपण समुपदेशकच आहोत.

कोपीतल्या त्या मुलीसाठी मी शाळेशी बोलून पहिल्या तासाला तिला विसावा मिळवून दिला, भावाला सोबत आणायची मुभा मिळवली. ती वाचू लागली. मग पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि एका रात्रीत टोळी निघून गेली. तिच्या गावच्या शाळेला मी काहीच कळवलं नाही. ही चूक माझी होती आणि ती मला आजही बोचते.

म्हणून एकच मागणं मागते. या हंगामात आपल्यापैकी प्रत्येकानं कोप्यांचा एक तळ आपला मानावा, आठवड्यातली एक संध्याकाळ तिथं काढावी. आणि टोळी परतताना प्रत्येक मुलाच्या गावच्या शाळेला एक फोन करावा. मूल गाव बदलतं, तेव्हा त्याला ऐकणारं माणूस तुटता कामा नये.