बगळ्याची मान कोणाच्या हातात?

(दिंडोरी येथील बैठकीत झालेले भाषण)



मी येवल्याकडचा कोरडवाहू माणूस. दिंडोरी द्राक्षाची. इथे येऊन कापूस-ज्वारीचे काय सांगणार, असे कोणाला वाटेल. पण हे भाषण छापून जाणार आहे ते कपाशी आणि ज्वारीवाल्यांकडेच. आणि मी आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो बागायती-कोरडवाहू असा भेद करीत नाही. जिथे अडचण दिसेल तिथे तो हजर होतो. आज मी गोष्टीतल्या जनावरांविषयी बोलणार आहे. हसू नका. ज्या गोष्टी आजीने झोपवताना सांगितल्या, त्या जागे राहण्यासाठी होत्या, हे मला फार उशिरा कळले.

इथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर पंचवटी आहे. तिथे सोन्याचे हरीण आले होते, ही कथा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. हरीण म्हणजे गरीब जनावर. ना शिंग मारते, ना चावते. पण ते हरीण नव्हते, मारीच होता. लक्ष्मणाला शंका आली होती, त्याने बोलूनही दाखवली. पण डोळ्यांपुढे सोने चमकत असताना शंका घेणाऱ्याचे कोण ऐकतो? आणखी एक बाब लक्षात ठेवा. मारीच मनाने आलाच नव्हता. रावणाने दम दिला म्हणून आला. म्हणजे समोर जो गोंडस चेहरा दिसतो तो पुष्कळदा नोकर असतो. मालक झाडाआड उभा असतो.

पण हरणाने फक्त भुलवले. त्याने कोणावर उपकार केले नाहीत. जो उपकार करायला येतो, त्याची गोष्ट निराळी आहे. ती बगळ्याची.

पंचतंत्राच्या पहिल्याच भागात, मित्रभेदात, ती आहे. बगळा म्हातारा झाला, मासे पकडवेनात. तळ्याच्या काठी डोळ्यांत पाणी आणून उभा राहिला. खेकड्याने विचारले, बाबा, आज उपाशी का? तो म्हणाला, बारा वर्षांचा दुष्काळ पडणार असे जोतिषाकडून ऐकले. तळे आटणार. तुम्हा लेकरांचे काय होईल, या काळजीने अन्न गोड लागत नाही. मग माशांनीच हात जोडले, मामा, तुम्हीच वाचवा. बगळा एकेकाला दुसऱ्या तळ्यावर नेऊ लागला. वाटेत एक खडक होता. तिथे बसून तो खात होता.

भावांनो, या गोष्टीत बगळ्याने माशांना कशाने पकडले? चोचीने नाही. दुष्काळाच्या बातमीने पकडले. १९७२ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना दुष्काळ या शब्दाचे वजन सांगायला नको. भ्यालेल्या माणसाला धीर देणारा देवच वाटतो. मासे मूर्ख नव्हते, मासे घाबरलेले होते. फसलेल्या शेतकऱ्याला जे लोक अडाणी म्हणतात, त्यांनी तळे आटताना कधी पाहिलेले नसते.

मग खेकडा कसा वाचला? त्याची पाळी आली तेव्हा त्याने खाली पाहिले. खडकावर हाडांचा ढीग होता. त्याने नांगीने बगळ्याची मान तोडली. हीच कथा बौद्धांच्या जातकातही आहे, आणि तिथला खेकडा मला जास्त आवडतो. तो निघण्याआधीच अट घालतो. म्हणतो, तुझ्या चोचीला मी नीट धरवणार नाही. माझी पकड पक्की आहे. मी तुझी मान धरतो, मग चल. उपकार घ्यायला त्याने नकार दिला नाही. फक्त मान आपल्या नांगीत ठेवली.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. एका पडत्या वर्षी आमच्याकडे एक खेडा खरेदीवाला यायला लागला. नाव सांगत नाही, माणूस महत्त्वाचा नाही. दारात आला की आधी माझ्या आईच्या पाया पडायचा. बहिणीच्या लग्नाला न मागता पैसे दिले, व्याजाचे नावही काढले नाही. तीन वर्षे आमचा कापूस त्यालाच. काटा त्याचा, हमाल त्याचा, वही त्याची. आमची फक्त कपाशी. चौथ्या वर्षी धाकट्या भावाने एक गठडे आधी गावातल्या दुकानात मोजून आणले. तिथे ४० किलो भरले. याच्या काट्यावर तेच गठडे ३६ झाले. भावाने मला कोपऱ्यात नेऊन सांगितले. मी भावावरच चिडलो. म्हणालो, ज्याने बहिणीचे लग्न पार पाडले त्याच्यावर संशय घेतोस? लक्ष्मणाचे झाले तेच माझ्या भावाचे झाले.

रात्री झोप लागली नाही. चाळीस किलोमागे चार. तीन वर्षांचा हिशेब मनात केला, तेव्हा बहिणीचे लग्न आम्ही आमच्याच कापसात केले होते. वर त्याचे पैसे फेडले ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी मी भांडलो नाही. म्हटले, दादा, माल तुम्हालाच देतो, पण काटा आमचा आणि पावती जागेवर. तो हसला, चहा प्यायला, आईच्या पाया पडला आणि गेला. पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही. मान धरतो म्हटले आणि बगळा उडाला.

आता कोणी म्हणेल, मग काय, गोड बोलणाऱ्या प्रत्येकाला बगळा म्हणायचे? नाही. इथेच महाभारतातली एक गोष्ट ऐका. गंगेकाठी एक मांजर हात वर करून तप करीत होते. उंदरांनी त्याला आपला पालक केले. ते म्हणाले, तपाने अंगात त्राण नाही, मला रोज नदीवर उचलून न्या. उंदीर नेऊ लागले. मांजर लठ्ठ होत गेले, उंदीर कमी होत गेले. डिंडिक नावाचा एक उंदीर मांजराबरोबर एकटाच गेला, तो परत आला नाही. शेवटी एका म्हाताऱ्या उंदराने सांगितले, हा म्हणतो कंदमुळे खातो, पण याच्या विष्ठेत केस आहेत. कंदमुळे खाणाऱ्याच्या विष्ठेत केस कुठून येतील? तमिळनाडूत महाबलीपुरमला सातव्या शतकात कोरलेल्या प्रचंड शिळेवरही असे एक तपस्वी मांजर आहे, पायाशी उंदीर आहेत. तेराशे वर्षे ते तप चालूच आहे!

पण ही गोष्ट महाभारतात सांगतो कोण? दुर्योधन. युद्धाच्या तोंडावर दूताकरवी तो युधिष्ठिराला निरोप पाठवतो की ते ढोंगी मांजर म्हणजे तू. पाहा कशी गंमत आहे! ज्याने राज्य हडपले तोच दुसऱ्याला मांजर म्हणतो. म्हणून कोणी कोणाला ढोंगी म्हटले यावर जाऊ नका. तसे म्हणणे मांजरालाही जमते. खूण तपासा. खेकड्याने हाडे पाहिली. म्हाताऱ्या उंदराने केस पाहिले. दोघांनीही चेहऱ्याकडे पाहून निकाल दिला नाही.

कपाशीत आपल्याला हे रोज करावे लागते. २००२ साली बीटी आले, २००६ साली दोन जनुकांचे आले. बोंडअळीची चिंता मिटली असे आपण धरून चाललो. २०१७ च्या हंगामात शेत हिरवेगार, बोंडे टपोरी, आणि फोडल्यावर आत गुलाबी अळी. बाहेरून छिद्रही नीट दिसत नाही. फुलाचीसुद्धा डोमकळी होते. पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखी सुरेख दिसते, आणि आत अळी बसलेली असते. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते हेच. यावर कृषी शास्त्रज्ञांनी सांगितलेला उपाय म्हाताऱ्या उंदराचाच आहे: एकरी वीस हिरवी बोंडे तोडा, फोडून पाहा, दोन किडकी निघाली तर फवारणीची वेळ झाली. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तरी तोच इशारा समजा. पाकिटावरचे चित्र पाहून आणि बांधावर उभे राहून निकाल देऊ नका.

माणसांचेही तसेच. बियाण्याची पावती आणि पाकीट जपून ठेवणे, माल दुसऱ्या काट्यावर ताडून पाहणे, कोऱ्या कागदावर अंगठा न देणे, हा कोणाचा अपमान नाही. जो खरोखर मदतीला आला आहे त्याला पावती लिहायला दोन मिनिटे लागतात. ज्याला राग येतो, त्याच्या खडकाकडे एकदा चक्कर मारून या.

जाता जाता बगळ्याच्या बाजूने एक शब्द. आपल्या नांगरामागे जो पांढरा बगळा फिरतो, तो बिचारा किडे वेचून खातो आणि शेताचे भलेच करतो. ध्यान लावत नाही, जोतिष सांगत नाही, तुमच्या काळजीने रडत नाही. जे खातो ते तुमच्या डोळ्यांदेखत खातो. त्याच्यापासून आपल्याला भय नाही.

माझा भाऊ आज या बैठकीला आला आहे, मागे बसला आहे. त्या दिवशी त्याच्यावर चिडलो, ते चुकले, हे चार माणसांत सांगायचे राहिले होते. तुमच्या घरातही कोणी गठडे दुसरीकडे मोजून आणले असेल, तर आधी त्याचे ऐकून घ्या.