बारगिरांच्या वाटेने, पायी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



‘प्रवास’ या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी इतिहाससंशोधक नव्हे आणि गिर्यारोहकही नव्हे. पोटापाण्यासाठी या शहरात आलो आणि येथलाच झालो. शहराचे नाव २००१ मध्ये सरकारदप्तरी कोलकाता झाले. घरात आपण अजून कलकत्ताच म्हणतो.

पूजेच्या सुट्टीत आपली कुटुंबे काय करतात, हे मी सांगायला नको. पुरी किंवा दार्जिलिंग गाठायचे, तेथे निम्मे कलकत्ता भेटायचे, आणि गर्दीला नावे ठेवीत परतायचे. आमच्या पुतण्याने यावर तोडगा काढला. पाठीवर पिशवी टाकून तो बाल्कन देश हिंडून आला. म्हणाला, “काका, दुब्रोव्हनिकच्या तटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मोस्तारला मात्र मी मुक्काम केला. तिथला जुना पूल १९९३ च्या युद्धात पडला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. दिवसाचे प्रवासी छायाचित्र काढून निघून जातात. मी संध्याकाळी थांबलो, म्हणून माणसे माझ्याशी बोलली.” मग त्याने सहज विचारले, “तुम्ही बंगालमध्ये इतकी वर्षे आहात. इथले कोणते गाव पायी पाहिलेत?”

मला उत्तर देता आले नाही.

त्याच आश्विनात जुनी हॅवरसॅक झाडली, तीत दोन सदरे आणि पंचा टाकला आणि हावड्याहून काटोयाची लोकल पकडली. उतरलो दाँईहाटला. भागीरथीकाठचे हे लहानसे गाव. दक्षिणेश्वरची भवतारिणीची मूर्ती घडवणारे नवीन भास्कर येथलेच. पण मला ओढ होती ती दुसऱ्या भास्करांची.

१७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, म्हणजे भास्कर पंडित, यांचा तळ काटोयाला होता. त्या आश्विनात त्यांनी दाँईहाटला थाटाने दुर्गापूजा मांडली. ती पुरी होण्याआधीच अलीवर्दीखानाने नदी ओलांडून छापा घातला आणि आपल्या लोकांना पूजा अर्धी टाकून निघावे लागले. १७४४ मध्ये तहाच्या बोलणीसाठी बोलावून अलीवर्दीने पंडितांना व त्यांच्या सरदारांना तंबूत मारले. एवढा भाग आपल्याला ठाऊक असतो. परंतु त्याच मोहिमांत बंगालची गावे जळाली, रयत नागवली गेली. गंगाराम नावाच्या त्या काळच्या कवीने हे ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात लिहून ठेवले आहे. ते आपल्याला कोणी शिकवले नाही.

दुपारी एका घराच्या ओसरीवर विसावलो. नातवाला निजवणाऱ्या आजीबाईंनी मुडीची वाटी पुढे केली आणि गाव विचारले. मी महाराष्ट्र म्हटले. त्या क्षणभर थबकल्या, मग हसून म्हणाल्या, “ता होले तो तुमि बर्गी!”

बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. बंगालच्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या नावाने मुले निजवली, तो. मनात आले, वाद घालावा. मग वाटले, क्षमा मागावी. दोन्ही न करता एवढेच म्हणालो, “एबार घोडा आनिनि, दिदिमा, पाये हेंटे एशेछि.” या खेपेस घोडा आणला नाही, पायी आलो आहे. आजीबाई खळखळून हसल्या. भात खाल्ल्यावाचून त्यांनी मला उठू दिले नाही.

तेथून पुढे विष्णुपूरला गेलो. लाल मातीच्या कोरीव विटांची ती मंदिरे पाहताना भान हरपते. तेथे दलमादल नावाची प्रचंड तोफ आहे. मराठ्यांवर ती खुद्द मदनमोहनाने डागली, अशी लोकांची श्रद्धा. तिच्यापुढे हात जोडणाऱ्यांच्या रांगेत मीही उभा राहिलो. देव त्या दिवशी आपल्या विरुद्ध बाजूला होता, हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला!

आणि परत आल्यावर ध्यानात आले की, आपल्या दाराशीही हीच खूण आहे. आपल्या भीतीने १७४२ मध्ये या शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो अर्धवटच राहिला आणि पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ अजून आहे.

मात्र याच बंगालमध्ये सखाराम गणेश देउस्कर या मराठी माणसाने १९०४ साली ‘देशेर कथा’ हा ग्रंथ बंगालीत लिहिला. १९१० मध्ये सरकारने तो जप्त केला. रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली तीही १९०४ सालीच. खंदक बुजतो तो असा: कोणीतरी पलीकडची भाषा शिकतो, म्हणून.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. दरवर्षी पूजेनंतर चारपाच मुलांची एक तुकडी, पाठीवर मावेल तेवढेच सामान घेऊन, बंगालच्या एका खेड्यात पाठवावी. त्यांनी बंगालीत बोलावे, मिळेल ते खावे, एक रात्र राहावे. ‘बर्गी’ म्हणून कोणी हसले, तर आपणही हसावे. पण का हसले, ते विसरू नये.