सूचिछिद्रातून सूर्य

(कोरमंगला, बंगळूर येथे छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



आपण ज्या कोरमंगला भागात आज जमलो आहोत, तेथेच भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे मुख्यालय आहे. या संस्थेच्या कोडाईकनाल वेधशाळेत सूर्याची छायाचित्रे नित्यनेमाने घेण्यास १९०४ साली प्रारंभ झाला. आकाश निरभ्र असेल त्या दिवशी सूर्याचे चित्र घ्यावयाचे, हा नेम तेथे पिढ्यानपिढ्या पाळला गेला. ही चित्रे घेणाऱ्यांपैकी अनेकांना त्या संग्रहाचा खरा उपयोग पाहावयास मिळाला नाही. माझा आजचा विषय एका क्षुल्लक डब्याचा असला, तरी त्याचे नाते याच धीराशी आहे.

भिंग नसलेल्या डब्याला कॅमेरा म्हणावे काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. कौलारू घरात ज्याने दुपार घालविली आहे त्याला याचे उत्तर ठाऊक असते. कौलांमधील फट वेडीवाकडी असते. परंतु जमिनीवर पडणारा कवडसा मात्र गोल असतो. तो फटीचा आकार नसून सूर्याचे बिंब असते. २६ डिसेंबर २०१९ रोजी बंगळुरातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले. अशा वेळी झाडाखालचे कवडसे गोल न राहता कोरींच्या आकाराचे होतात, कारण प्रत्येक पर्णछिद्र स्वतंत्र कॅमेऱ्याचे कार्य करीत असते. आपल्याच राज्यात हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात एका लहानशा झरोक्यातून आलेला प्रकाश गोपुराची उलटी प्रतिमा भिंतीवर उमटवितो. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरचे खाली आणि खालचे वर पडते. प्रतिमा घडविणे हा प्रकाशाचाच स्वभाव आहे. भिंग ती केवळ अधिक तेजस्वी व रेखीव करते.

छिद्र जितके लहान तितके चित्र स्पष्ट, अशी एक समजूत आहे. ती काही अंशीच खरी आहे. छिद्र फार मोठे असल्यास प्रतिमा पसरट होते. फार लहान केल्यास प्रकाशाचे विवर्तन होऊन ती पुन्हा अंधुक होते. लॉर्ड रॅले यांनी १८९१ साली या प्रश्नाचे गणिती विवेचन केले. व्यवहारात एवढे लक्षात ठेवावे की, छिद्र आणि कागद यांत १०० मिलिमीटर अंतर असल्यास छिद्राचा व्यास सुमारे ०.४५ मिलिमीटर असावा. प्रकाश अर्थातच अत्यल्प मिळतो. नेहमीच्या भिंगाचे छिद्रमान १६ असता जेवढा प्रकाश आत येतो, त्याच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याने येथे भागवावे लागते. म्हणून प्रकाशसंवेदी कागदावर भर उन्हातील दृश्य टिपण्यासही अर्धा मिनिट किंवा अधिक वेळ लागतो. रस्त्यावरून चालणारी माणसे त्या चित्रात उमटत नाहीत. थांबलेली तेवढी उमटतात.

हा वेळ अर्ध्या मिनिटाऐवजी काही महिन्यांचा केला तर? इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठाची विद्यार्थिनी रेजिना वाल्केनबर्ग हिने २०१२ साली पेयाच्या रिकाम्या डब्यात प्रकाशसंवेदी कागद बसवून तो बेफर्डबरी वेधशाळेतील एका दुर्बिणीला बांधला. तिचे पूर्वीचे काही प्रयोग दमटपणामुळे वाया गेले होते. हा डबा तर ती विसरूनच गेली. सप्टेंबर २०२० मध्ये वेधशाळेच्या एका कर्मचाऱ्याने तो काढला, तेव्हा आठ वर्षे व एक महिना इतक्या अवधीतील सूर्यमार्गाच्या २९५३ कमानी त्या कागदावर उमटलेल्या होत्या. अशा कागदाला रसायनात धुवावयाचे नसते. तसे केल्यास तो संपूर्ण काळा पडतो. दीर्घकाळच्या उन्हानेच त्यावर दृश्य खूण उमटते, आणि ती यंत्राने एकदाच, त्वरेने उतरवून घ्यावी लागते. पाहण्याच्या प्रकाशानेही ती हळूहळू पुसू लागते.

हे चित्र पाहून तसेच आपणही काढावे, असा मोह होईल. मात्र बंगळूर १३ उत्तर अक्षांशावर आहे, हे विसरू नये. इंग्लंडमध्ये मध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो. येथे एप्रिलच्या चौथ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो डोक्याच्या उत्तरेकडून जातो. पूर्वेकडे तोंड करून बांधलेल्या डब्यात आपल्याला बुटक्या कमानींऐवजी जवळजवळ उभ्या, किंचित दक्षिणेकडे कललेल्या रेषा मिळतील. जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच्या रेषा ढगांमुळे तुटक येतील. त्या तुटकपणाला दोष मानू नये. कागदावरची ती रिकामी जागा म्हणजे या शहरातील पावसाची नोंद होय.

दोन सूचना आवश्यक वाटतात. पहिली अशी की, छिद्रातून सूर्याकडे डोळ्याने पाहू नये; प्रतिमा कागदावरच पाहावी. दुसरी अशी की, डबा परवानगीवाचून सार्वजनिक जागी बांधू नये. २०१६ साली अटलांटा येथे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातील असाच एक डबा पुलावर आढळला. तो स्फोटक असल्याच्या संशयाने वाहतूक थांबवून नष्ट करण्यात आला. आपल्या गच्चीवरचा कठडा पुरेसा आहे, आणि डब्यावर तो काय आहे हे लिहून ठेवावे.

शेवटी एक अडचण मान्य केली पाहिजे. परीक्षा ठरलेल्या दिवशी होते; सूर्य मात्र आपल्या गतीने चालतो. डिसेंबरच्या अयनदिनी बांधलेला डबा जूनच्या अयनदिनापूर्वी काढला तर सूर्याची अर्ध्या वर्षाची वाटचाल अपुरी राहते. मध्येच उघडून पाहता येत नाही, आणि पाणी शिरले असल्यास ते सहा महिन्यांनीच कळते. अशा कामाला गुण किती द्यावेत, हा प्रश्न आम्हा शिक्षकांचा आहे आणि तो आम्हालाही अद्याप नीट सुटलेला नाही. म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, परीक्षेसाठी जे करावयाचे ते जरूर करावे. परंतु एक डबा स्वतःसाठी बांधून ठेवावा. तो वाया गेला तर दुसरा बांधावा. तिच्या पूर्वीच्या डब्यांत पाणी शिरले होते, तरी त्या विद्यार्थिनीने आणखी एक बांधला. २९५३ दिवसांचा सूर्य तिला त्यातच मिळाला.