माचू पिक्चू : डोंगरमाथ्यावरील ओस नगरी



दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, अँडीज पर्वताच्या एका अरुंद धारेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४३० मीटर उंचीवर माचू पिक्चू नावाची पाषाणनगरी उभी आहे. क्वेचुआ भाषेत या नावाचा अर्थ 'जुने शिखर' असा होतो. नगरीच्या तीन बाजूंना खोल दरी असून तिच्या तळाशी उरुबांबा नदी वळसा घालून वाहते. घरांच्या भिंती जागेवर आहेत, छपरे मात्र गवताची असल्यामुळे ती कधीच नाहीशी झाली.

या नगरीचा शोध अमेरिकन प्राध्यापक हायरम बिंगहॅम यांनी २४ जुलै १९११ रोजी लावला, असे बहुतेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. त्या दिवशी प्रत्यक्षात काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. खाली नदीकाठी राहणाऱ्या मेल्चोर आर्तेआगा नावाच्या शेतकऱ्याने एक चांदीचे नाणे घेऊन बिंगहॅम यांना चढण दाखविली. वर पोहोचल्यावर त्यांना भेटली ती भुते नव्हेत, तर माणसे! रिचार्ते व आल्वारेझ यांची कुटुंबे तेथे चार वर्षांपासून शेती करीत होती. सारा मागणारे आणि सैन्यात धरून नेणारे अधिकारी एवढ्या उंचावर येत नाहीत, हे त्यांना तेथे राहण्याचे एक सुख वाटे. त्यांनी पाहुण्यास थंडगार पाणी दिले, उकडलेली रताळी दिली, आणि एका लहान मुलाला वाट दाखविण्यास बरोबर पाठविले. तीन खिडक्यांच्या मंदिराच्या भिंतीवर आगुस्तिन लिसारागा हे नाव व १९०२ हे साल कोळशाने लिहिलेले होते. हा लिसारागा जवळच राहणारा शेतकरी होता. बिंगहॅम यांनी आपल्या टिपणवहीत त्यालाच शोधक म्हटले आहे. परंतु जगाच्या स्मरणात त्याचे नाव राहिले नाही. म्हणून 'शोध कोणी लावला?' या प्रश्नाला वर्गात एका नावाचे उत्तर पुरे पडत नाही. बिंगहॅम यांनी ही नगरी विद्वानांच्या नजरेस आणली, तेथे उत्खनन केले, छायाचित्रे घेतली. हे श्रेय मोठेच आहे, आणि ते तेवढेच द्यावे.

त्यांचे तर्क मात्र टिकले नाहीत. इंका वंशाचे मूळ स्थान हेच, आणि स्पॅनिशांपासून पळालेल्या राजांची शेवटची राजधानी विल्काबांबा तीही हीच, असे त्यांनी मानले. थडग्यांतील सांगाडे बहुतांशी स्त्रियांचे आहेत, असे त्यांच्या सहकाऱ्याने ठरविल्यामुळे सूर्यदेवाच्या व्रतस्थ कुमारिकांची कथा त्यांत आणखी मिळाली. पुढे त्याच अस्थी नव्याने तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांत पुरुष पुष्कळ निघाले, मुलेही निघाली. अँडीजमधील लोक बांध्याने लहान असल्यामुळे पुरुषांच्या हाडांना स्त्रियांची हाडे समजण्यात आले होते. कुमारिकांची कथा इतकी मोहक, की ती आजही प्रवाशांना सांगितली जाते!

मग हे होते तरी काय? १५६८ सालच्या एका स्पॅनिश दस्तऐवजाच्या आधारे जॉन रो या अभ्यासकाने १९९० मध्ये दाखवून दिले की, या परिसरातील जमीन इंका सम्राट पाचाकुती याची खासगी मालमत्ता होती. कुस्को ही राजधानी, आणि हे राजाचे विश्रांतिस्थान. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्थींच्या कालमापनावरून येथील वस्ती १४२० च्या सुमारास सुरू होऊन १५३० च्या सुमारापर्यंत टिकली, असे दिसते. म्हणजे 'प्राचीन' म्हणून जिचा लौकिक, ती नगरी आपल्याकडील बहमनी राज्याच्या काळातील ठरते.

खरे आश्चर्य दगडांपेक्षा पाण्याचे आहे. येथे वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि नगरी तर डोंगराच्या धारेवर. आपल्याकडे उतारावर ताली घालणाऱ्या शेतकऱ्यास यातील धोका सांगावा लागत नाही. इंका कारागिरांनी प्रत्येक तालीच्या तळाशी मोठे दगड, त्यांवर खडी व वाळू, आणि सर्वांत वर माती असे थर रचले. त्यामुळे पाणी साचून न राहता झिरपून जाते. एकंदर बांधकामापैकी निम्म्याहून अधिक भाग जमिनीखाली पाया व निचरा यांतच गेला आहे, असे अभियंत्यांचे अनुमान आहे. पिण्याचे पाणी डोंगरातील झऱ्यापासून ७४९ मीटर लांबीच्या दगडी पाटाने, अगदी मंद उताराने आणले, आणि ते एकाखाली एक अशा सोळा कुंडांतून खेळविले. पहिले कुंड राजाच्या निवासाजवळ होते. स्वच्छ पाणी प्रथम कोणाला मिळे, हे त्यावरून कळते. लोखंड नाही, चाकाची गाडी नाही, लिपी नाही. हिशेब दोऱ्यांच्या गाठींत. डोंगरातलाच दगड कठीण गोट्यांनी घडवून त्यांनी चुन्यावाचून भिंती उभ्या केल्या.

नगरी ओस का पडली, याचे उत्तर लढाईत नाही. तेथे स्पॅनिशांनी हल्ला केल्याची खूण मिळत नाही. ती राजकुळाच्या चाकरीवर चालणारी वसाहत होती. सेवक व कारागीर साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रांतांतून आणलेले होते. राजपुत्रांतील यादवी, युरोपातून आलेली देवीची साथ आणि १५३२ मध्ये पिझारोने केलेली सम्राट आताहुआल्पाची धरपकड, यांमुळे कुस्कोची सत्ता मोडली. मालक गेला, धान्याचा पुरवठा थांबला, तेव्हा परमुलखातील माणसांना या कड्यावर राहण्याचे कारण उरले नाही. खरे विल्काबांबा तेथून पुढे, अरण्यात एस्पिरितू पाम्पा येथे होते. बिंगहॅम १९११ मध्येच तेथेही जाऊन आले होते, पण ते त्यांनी ओळखले नाही.

उत्खननात निघालेली भांडी, अस्थी व हत्यारे त्यांनी अमेरिकेत येल विद्यापीठात नेली. ती परत मिळावीत म्हणून पेरूने दीर्घकाळ मागणी केली. २०१० मध्ये करार झाला, आणि २०११ व २०१२ या वर्षांत त्या वस्तू मायदेशी आल्या. कुस्को शहरात, इंकांच्या जुन्या राजवाड्याच्या जागेवरील एका वाड्यात त्या ठेवल्या असून त्यांत राजाच्या संपत्तीपेक्षा सेवकांची साधी मडकी अधिक आहेत.